पडेगावच्या डोंगरावरची आत्या

आत्या बोलायला लागली की आम्ही हेल्मेट काढून उभे राहायचो. नियम वगैरे काही नव्हता. एकदा तिनंच कुणाला तरी सुनावलं होतं, "ते टोपलं काढ आधी डोक्यावरचं, मी काय बोलायलेय ते कानात जाऊ दे!" तेव्हापासून सगळ्यांना सवयच लागली. रविवारी सकाळी पडेगावच्या चहाच्या टपरीसमोर गुडघ्यांना पॅड बांधलेली दहा-बारा धडधाकट सायकलवाली माणसं खाली मान घालून उभी आहेत, आणि सलवारीच्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेली, साठीला टेकलेली एक बाई त्यांना फैलावर घेतेय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आत्या कोण ते सांगायला नको. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय. आणि खरं सांगू का, रागानं लिहितोय.

ती सायकलवर बसली तीसुद्धा रागानंच. टेलिफोन खात्यातून वेळेआधी निवृत्ती घेऊन ती घरी बसली होती. तिच्या भाच्यानं हौसेनं महागडी डोंगरी सायकल घेतली, चार रविवार आमच्याबरोबर आला आणि नोकरी लागल्यावर पुण्याला निघून गेला. सायकल जिन्याखाली. रोज जाता-येता तिच्यावरची धूळ बघून आत्याचं डोकं फिरायचं. "इतकी भारी वस्तू अन् गंजायला ठेवायची? माजच म्हणायचा ह्याला!" असं म्हणत एका सकाळी तिनं ती बाहेर काढली आणि छावणीपर्यंत जाऊन आली. पुढच्या हिवाळ्यात ती आमच्या मागोमाग डोंगरावर होती. भाच्याची आत्या म्हणून आमचीही आत्या.

नावं ती लक्षात ठेवायची नाही. ज्याचं घर जिथं, तेच त्याचं नाव. मी वाळूजला कंपनीत, राहायला बजाजनगरला, म्हणून मी बजाजनगर. "ए बजाजनगर, गिअर पाड की! मांड्या का भाड्यानं आणल्यात?" कॉलेजात शिकणारी एक पोरगी होती, ती सिडको. आणि आमच्या ग्रुपचा सगळा कारभार बघणारा दातांचा डॉक्टर, तो गारखेडा. एवढा शिकलेला, दवाखान्यात पेशंट रांग लावून बसलेले. पण इथं "काय रे गारखेड्या, पोट बघ तुझं" ऐकलं की लाजून हसायचा. तिच्या डब्यातलं पहिलं धपाटं मात्र त्याच्याच हातात पडायचं.

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कुठल्या वेळी याचा भरवसा नाही. कॉलन्यांमध्ये टँकरमागं बायका धावायच्या. आत्यानं फर्मान काढलं की पाऊस पडेपर्यंत सायकल पाण्यानं धुवायची नाही, कोरड्या फडक्यानं पुसायची. एका रविवारी गारखेडा लखलखीत सायकल घेऊन आला. आत्यानं सीटखाली बोट फिरवलं, ते ओलं निघालं.

"धुतली?"

"बोअरच्या पाण्यानं धुतली आत्या, नळाच्या नाही."

"व्हय का! अन् बोअरमध्ये पाणी काय तुझ्या आज्यानं भरून ठिवलंय? शेजारच्याचं अन् तुझं खाली एकच हाय ना? जा मागं तिकडं. मातीत लोळवून आण तिला."

आणि डॉक्टर गेला हो! टपरीमागच्या फुफाट्यात सायकल आडवी केली, दोन्ही बाजूंनी लोळवली, आणि परत येऊन रांगेत उभा राहिला. आम्ही हसून हसून बेजार. आत्या हसली नाही. तिचं माहेर पाचोडकडचं. भावाची मोसंबीची बाग ऐन बहरात वाळली, आणि ती झाडं तोडून सरपणाला गेलेली तिनं पाहिली होती. पाण्याचा विषय निघाला की ती थट्टा खपवून घ्यायची नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. पडेगावच्या मागं जो डोंगर आहे, त्यावर तेव्हा फक्त गुरांची पायवाट होती. आमच्या सायकली त्याच वाटेनं चढायच्या. एकदा उतारावर सिडको पडली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स खाली येऊन उभी, पण वर यायला रस्ता नाही. कण्हणाऱ्या पोरीला आम्ही चादरीत घालून खाली आणलं. आत्या सबंध वाटभर दगडांना शिव्या घालत होती. खाली पोचल्यावर आमच्याकडं वळली. "आज हाड मोडलं. उद्या कुणाचं डोकं फुटलं तर असंच नेणार का चादरीत? पुढच्या रविवारी सायकली कमी अन् कुदळी जास्त आणायच्या."

पायथ्याशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची खडकाळ जमीन होती. आत्या त्याच्या बाजेवर जाऊन बसली, त्याची संमती घेतली. तो म्हणाला, "करा की बाई. माझ्या बापालाबी ह्या खडकात काय पिकलं नाय. तुमच्या पोरांचा जीव वाचला तर तेवढंच पुण्य." झालं. ते वर्षभर आम्ही रविवारी अर्धा वेळ सायकल आणि अर्धा वेळ हमाली केली. मुरूम पसरला, मोठाले दगड पहारीनं हलवून कडेला लावले, त्यांना चुना फासला. इंजिनिअर, मास्तर, बँकवाले, सगळ्यांच्या हातांना फोड. आत्या कमरेला ओढणी खोचून घमेली उचलायची आणि मध्येच ओरडायची, "गारखेड्या, दात उपटायचे नाहीत, दगड उपटायचाय, जोर लाव!" पहिल्यांदा एक जीप वरपर्यंत चढली तेव्हा तिनं ड्रायव्हरला काय सांगावं? "हळू चालव बाबा, आमच्या घामावरून चाललास."

नंतर तो म्हातारा गेला आणि पोरांनी जमीन विकली. विकली तर विकली, त्यांची होती. शहर चारी बाजूंनी फुगत होतं, कुणाकुणाला अडवणार? पण एके दिवशी पेपरमधून एक रंगीत पत्रक पडलं. डोंगराच्या कुशीत प्लॉट, शुद्ध हवा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: वरपर्यंत तयार रस्ता. फोटो आमच्या वाटेचा! आमचे चुन्याचे दगड, आमचं वळण. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. पोरीबाळींचा जीव वाचावा म्हणून फुकट गाळलेला घाम ह्या प्लॉटवाल्यांनी चक्क जाहिरातीत विकायला काढला होता. बरं, आम्ही वाट रुंद केली नसती तर त्या खडकावर प्लॉट पाडायची कुणाची छाती झाली नसती. हेच आत्याला सगळ्यात लागलं.

ती ऑफिसांच्या पायऱ्या चढली. एका टेबलावरच्या साहेबानं तोंड वर करून विचारलं, "मॅडम, रस्ता तुमच्या नावावर आहे का?" ती म्हणाली, "नाय. अँब्युलन्सच्या नावावर हाय." साहेब हसला म्हणे. मला आजही त्या हसण्याची चीड येते.

मग आत्यानं जे केलं त्याला लोक वेडेपणा म्हणाले. कडेला लावलेले दगड तिनं पुन्हा वाटेच्या मधोमध आणून टाकायला सुरुवात केली. जीप, अँब्युलन्स जाईल एवढी जागा एका अंगानं सोडायची, आणि मालाचे ट्रक जाणार नाहीत असे दगड मांडायचे. मी आणि अजून दोघंतिघं तिच्या मदतीला. सोमवारी प्लॉटवाल्यांचा जेसीबी यायचा आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात सगळं साफ करून जायचा. रविवारी आत्या पुन्हा हजर. "त्येनला पगार हाय, मला पेन्शन हाय. बघू कोण थकतंय," म्हणायची.

तशातच एका रविवारी गारखेडा पेढे घेऊन आला. टपरीवर उघडला बॉक्स आणि पहिला पेढा आत्याच्या हातावर ठेवला.

"कशाचे रे?"

"प्लॉट बुक केला आत्या. वर, आपल्या डोंगरावर! आता कसं, आपला हक्काचा माणूस आत असणार. तुला कुणी अडवणार नाही."

त्याला खरोखर वाटत होतं की आपण आनंदाची बातमी आणलीय.  आत्यानं पेढा परत बॉक्समध्ये ठेवला, चिमटा सलवारीला लावला आणि निघाली. तो मला म्हणतो, "इन्व्हेस्टमेंट आहे यार, एवढं काय त्यात? मी नाही घेतला तर दुसरा घेईलच ना?" दुसरा घेईल म्हणे! अरे, दुसऱ्यानं घेतला असता तर आम्ही त्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो. ज्या हातांनी पहार धरली त्याच हातांनी चेक फाडताना ह्याला काहीच कसं वाटलं नाही?

बघता बघता डांबर पडलं. खाली गेट आलं, केबिन आली, आडवा दांडा आला. आत्यानं त्या गेटातून एकदाही पाऊल टाकलं नाही. डोंगराच्या मागच्या अंगाला, मिटमिटा गावाकडून एक घळ वर येते. उभी, काट्याकुट्यांची. साठी ओलांडलेली ती बाई त्या घळीतून सायकल खांद्यावर घेऊन चढायची. तिच्यामागं आम्ही. गारखेडाही यायचा, पण सगळ्यात शेवटी.

आत्या आज नाही. पुण्याला भाच्याकडं राहायला गेली, तिथंच वारली. लोक म्हणतात वयानं गेली. म्हणोत बापडे. मी म्हणतो, ती त्या सकाळीच अर्धी संपली होती.

माथ्यावरच्या सुट्या खडीत तिचं चाक घसरलं आणि पाय घोट्याच्या वर मोडला. मी फोन केला, अँब्युलन्स गेटपर्यंत आली आणि तिथंच थांबली. ड्रायव्हरचा मला फोन, "साब, ये लोगां दांडा नई उठा रहे." मी धावत खाली गेलो. वॉचमन बिचारा हात जोडून म्हणत होता, "ऑफिसातून फोन आल्याबिगर उघडायचं नाय म्हणलेत. माझी नोकरी जाईल साहेब." मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. हा रस्ता कुणी केला, कशासाठी केला, सगळं सांगितलं. त्याला काय कळणार? ऑफिसातला फोन कुणी उचलत नव्हतं. वर आत्या उन्हात पडलेली. शेवटी गारखेडा आला, त्यानं कुणाला तरी मोबाइल लावला आणि दांडा उठला.

अँब्युलन्स आत्याजवळ जाऊन उभी राहिली. ती घामानं डबडबली होती. "कसं काय सोडलं रे यांनी?" तिनं विचारलं.

गारखेडा पटकन म्हणाला, "माझे गेस्ट आहेत म्हणून सांगितलं, आत्या. आता काळजी नाही."

"गेस्ट?"

बस, तिनं गाडीत बसायला साफ नकार दिला. ड्रायव्हर समजावत होता, "कायकू जिद करते अम्मा, गाडी खडी है ना इधर!" तिचं एकच, "मला मागून न्या. घळीतून आले, घळीतूनच जाईन." हट्टी म्हातारी, असं पुढं बरेच जण म्हणाले. म्हणणाऱ्यांनी त्या वाटेवर एक घमेलं उचलून दाखवावं, मग बोलावं. ड्रायव्हरनं पायाला फळी बांधून दिली, स्ट्रेचर दिलं आणि गाडी वळसा घालून मिटमिट्याच्या बाजूला नेली.

चौघांनी चार टोकं धरली. पुढं मी आणि सिडको, मागं बँकेतला एक जण आणि गारखेडा. प्रत्येक दगडाला तिला कळ जात होती आणि प्रत्येक कळेला आमचा उद्धार होत होता. "बजाजनगर, डोळे हाईत का बटनं? सिडको, वाकू नको, कंबर मोडशील माझ्याआधी!" बँकवाल्यालाही दोन-चार पडल्या. आम्हाला तेवढाच धीर येत होता. गारखेडा वाट बघत होता. तोंड लाल झालेलं, घाम डोळ्यांत उतरलेला, पण टोक सोडायला तयार नाही. शेवटी न राहवून तोच म्हणाला, "आत्या, मलाही घाल ना शिव्या."

तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही कशाला तरास घेता? ठेवा खाली. तुमचं घर तिकडं वर राह्यलं."