अण्णांचा चहा आणि चांदोलीचा गवा

किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. अण्णांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवायचं, बाकीचं आपोआप होतं! नव्वदच्या दशकात सांगलीच्या आमच्या वर्कशॉपमधले चौघंजण, म्हणजे फोरमन अण्णा, फौजेतून रिटायर झालेला जाधव, लेथवाला कांबळे आणि मी, दर ऋतूत चांदोलीच्या अभयारण्यात जायचो. शेडमागं भंगार साठावं तसे किस्से साठत गेले.

*

पहिली ट्रिप उन्हाळ्यातली. अण्णा मूळचे कवठे महांकाळचे, दुष्काळी भागातले. धरणाच्या काठावर जायचं, तरी यांनी जीपमध्ये पाण्याचे कॅन भरले!

"आवं अण्णा, समोर अख्खं धरण हाय की!" कांबळे म्हणाला.

"आज हाय. उद्याचं कुणी बघितलंय?"

ज्याच्यासाठी आलो तो पांढऱ्या पायांचा गवा त्या दिवशी काही दिसला नाही. अण्णा इरेला पेटले. "गवा बघितल्याबिगर चहाला शिवणार न्हाई!"

आता, चहाशिवाय अण्णांचं डोकं चालत नसे. त्यांनी चहा सोडला आणि भोगलं सगळ्या वर्कशॉपनं. चहाची किटली आत आली की ते दिसेल त्याच्यावर खेकसायचे.

*

पावसाळ्यात तिथं धो धो पाऊस. आम्ही छत्र्या उघडल्या. अण्णांची छत्री काखेत, अण्णा चिंब!

"उघडा की छत्री!"

"गप रं. छत्री बघून गवा माघारी गेला तर?"

*

पावसानंतर डोंगरमाथ्यावरचा कातळाचा सडा फुलांनी भरला. निळी, पिवळी, जांभळी फुलं, पाय ठेवायला जागा नाही. माझा तर ऊर भरून आला. अण्णांनी सगळीकडं नजर फिरवली आणि उसासा टाकला.

"एवढं रान फुललंय, पण भाजीचं एक बी न्हाई!"

*

हिवाळ्यात जंगलखात्याच्या गार्डनं बजावलं, अजिबात आवाज करू नका. जाधवला लगेच फौज आठवली. छाती फुगवून तो ओरडला, "सायलेन्स!"

झाडावरची पाखरंसुद्धा उडाली. मग मात्र दिवसभर खरंच सायलेन्स होता.

*

त्याच ट्रिपची परतीची सकाळ. दाट धुकं. अण्णा तोंड धुवायला ओढ्यात उतरले. आम्ही वर चहाचा थर्मास काढून बसलो. एवढ्यात खालून आवाज आला, "ह्यॅक! ह्यॅक! सरक की तिकडं!" पाठोपाठ एक सणसणीत चापट.

अण्णा तणतणत वर आले.

"कुणाची म्हस हाय रं ही? गुडघाभर पाण्यात हुबी! काय देखणं जनावर, आन् मालकानं रानात मोकाट सोडलंय!"

आमचं लक्ष त्यांच्या पाठीमागं होतं. धुकं जरा विरळ झालं. पलीकडच्या काठावर ते काळंभोर धूड सावकाश पाण्याबाहेर आलं. गुडघ्याखाली चारी पाय पांढरेशुभ्र, मोजे घातल्यासारखे!

"काय बघताय रं?" अण्णा वळले. तोवर तिथं नुसती कारवीची झुडपं हलत होती.

जाधवनं कप भरून अण्णांपुढं धरला. फौजेतला गडी, दुसऱ्या हातानं सॅल्यूटच ठोकला.

"मला कशाला? मला कुठं गवा दिसलाय?"

"प्या अण्णा," कांबळे म्हणाला. "तुमाला चालतंय."