बंदरावरचा घास

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आईला तर सांगूच शकत नाही. पेपरातल्या या सदरातले असले अनुभव मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचायचो, ते खरं म्हणजे हसायला. आर्वीला माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. शेतात उगवलं नाही तर एक तर बियाणं खराब, नाही तर पाऊस कमी – तिसरं कारण मी कधी मानलं नाही. आजही मानायची इच्छा नाही...

माझे बाबा पंचाहत्तरीचे. गळ्यात तुळशीची माळ, लग्नाआधीपासूनची. गावच्या भजनी मंडळात टाळ घेऊन सगळ्यात पुढे तेच. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. एका हिवाळ्यात, कापूस विकून झाल्यावर, जेवता जेवता म्हणाले, "गजू, मले समुद्र पाह्यचा हाये." कुठला, तर विशाखापट्टणमचा. मी गोवा म्हटलं, कोकण म्हटलं. नाही, तिथलाच. टीव्हीवर पाहिला असेल, असं मी धरून चाललो.

आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती येणार नव्हती. निघताना तिनं मला बाजूला घेतलं. तिकडं सगळे मासेच खातात म्हणे, एकाच तेलात सारं तळतात – "त्याइच्या माळेले जपजो."

मी, माझी बायको सुनीता आणि बाबा वर्ध्याहून गाडीत बसलो. पहिला दिवस सगळ्यांचा जातो तसाच गेला. बीच, वाळूत आणून ठेवलेली ती पाणबुडी, फोटो. मला वाटलं होतं समुद्र पाहून बाबांचे डोळे भरून येतील. ते नुसतं "हं" म्हणाले, आपल्याच विहिरीकडे पाहावं तसं. सुनीता हसली – मामाजीले आपल्या वर्धेचा पूरच मोठा वाटते वाटते!

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती लॉजवरच थांबली. मी आणि बाबा ऑटोनं जुनं शहर बघायला निघालो. ऑटोवाला हिंदी बोलणारा, गप्पिष्ट. जुनं चर्च, इंग्रजांच्या काळातल्या इमारती, सगळं दाखवत नेत होता. फिशिंग हार्बरपाशी मासळीचा वास आला तसा मी नाकाला रुमाल लावला... आणि बाबांनी ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. थांब म्हणून.

उतरले आणि चालू लागले. कोणाला वाट विचारली नाही. बर्फाच्या गाड्या, जाळ्यांचे ढीग, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका – त्यातून ते असे गेले, जसे आर्वीच्या मार्केट यार्डातून जातात. पाय कुठं पडतोय ते न बघता. मी आणि ऑटोवाला मागे. एक म्हातारी बाई मासे कापत बसली होती, तिच्यासमोर ते थांबले. तिनं मान वर केली, पाहिलं, आणि शेजारची दुसरी विळी त्यांच्याकडे सरकवली. आश्चर्य नाही, काही नाही.

बाबा विळीवर बसले. घरी कधी कांदा न चिरलेला माणूस! खवले काढले, अंगठा घालून कल्ले उपटले, पोट साफ केलं, पाण्यात एक हिसडा, की टोपलीत. मग दुसरा मासा. मधेमधे दोघं बोलत होते. तेलुगूत. माझे बाबा... तेलुगूत.

मी ऑटोवाल्याला विचारलं, काय बोलतात? तो म्हणाला, "कुछ नहीं साब. बर्फ कम आया आज, इसका घुटना दुखता है, ऐसाच." मग त्यानंच मला विचारलं, तुमचे बाबूजी इकडचेच का? बोली तर अगदी इथल्या कोळ्यांची आहे.

ऊन डोक्यावर आलं तशी बाईनं हात धुतले आणि ॲल्युमिनियमचा डबा उघडला. भात, आणि चिंचेच्या रश्शातला मासा. तिनं झाकणात एक वाटा काढून बाबांपुढे ठेवला. बाबांनी कालवला, घास उचलला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. रुमालात नीट गुंडाळून त्यांनी ती वरच्या खिशात ठेवली होती.

मी त्यांच्या हातावर मारलं. बापाच्या हातावर. घास खालच्या चिखलात पडला. खिशातून माळ काढून, सगळ्यांदेखत, बैलाला दावं घालावं तशी मी ती त्यांच्या गळ्यात घातली. डोक्यात आईचं बोलणं होतं, मंडळातली माणसं होती, आणि खरं लिहायचं तर एक घाणेरडी शंकाही होती – ही बाई यांची कोण?

बाबांनी आवाज चढवला नाही. चिखलातल्या भाताकडे पाहत म्हणाले, "तोंडाले लागलाई नोता रे अजून."

बाई मला काहीतरी विचारत होती. ते ऑटोवाल्यानं परत येताना सांगितलं. तिनं विचारलं होतं, त्याला खाऊ का दिलं नाहीस?

घरी आल्यावर बाबांनी विषय काढला नाही. मीही नाही. ताट पुढे आलं की बाबा दोन घास खायचे आणि हात धुवायचे. डॉक्टरांना मी मोघमच विचारलं, ते म्हणाले, या वयात भ्रम होतो. होत असेल. पण भ्रमात माणूस येत असलेलं विसरतो – कधी न केलेलं काम शिकतो का? आईला मी आडून विचारलं, बाबा तरुणपणी बाहेरगावी होते का कुठं? ती म्हणाली, "तुह्या बापानं नागपूर पाह्यलं थे लग्नाच्या कपड्यापायी. थेई दुपारच्या गाडीनं वापस."

पेरण्यांच्या आधी बाबा गेले.

दहाव्याला वर्धा नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे आले, बाभळीवर बसले, पण एकही खाली उतरेना. मामा म्हणाले, बहिणीची काळजी करू नका. चुलतभाऊ म्हणाला, भजन बंद पडू देणार नाही. कावळे तिथंच. शेवटी आई हात जोडून पुढे झाली. "काय राह्यलं तुमचं? सांगा ना मले." मी तिच्या शेजारीच उभा होतो. काय राहिलं ते मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते आईनं ऐकलं असतं, सगळ्यांनी ऐकलं असतं... माझं तोंड उघडलं नाही. ऊन चढलं, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

मध्यंतरी न राहवून मी त्या ऑटोवाल्याला फोन केला. नंबर होताच. म्हटलं, त्या बाईला विचार, हे गृहस्थ कोण म्हणून. त्यानं विचारून सांगितलं – ती म्हणते, बरसों से आता है, बैठता है, साथ में खाता है. मी म्हटलं, शक्य नाही, ते एकदाच आले होते. तो म्हणाला, वो तो आप जानो साब, ती मलाच विचारून राहिलीय, बुढ्ढा आजकल क्यों नहीं आता? मी फोन ठेवला. ते गेल्याचंही सांगितलं नाही.

याचा अर्थ मला लागलेला नाही. लागेल असंही वाटत नाही. पितृपक्षात आई बाबांच्या आवडीचं म्हणून वडे-खीर करते, पान वाढते, आणि मी ते छतावर नेऊन ठेवतो. ती आहे तोवर आमच्या घरात मासा शिजणार नाही, आणि ती जाण्याची वाट पाहणारा मुलगा मला व्हायचं नाही.

बाबांना मी एक घास देणं लागतो. तो मी अजून दिलेला नाही.