आबांनी उचललेला भंडारा

चाकणच्या अलीकडचं आमचं गाव. शेतांच्या जागी आता कंपन्या उभ्या आहेत, पण यात्रेतल्या बैलगाडा शर्यती काही सुटल्या नाहीत. घाटातला, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवरचा, माइक माझ्या वडिलांचा, आबांचा. गाडा सुटला की त्यांचं ‘भिर्रर्र’ पार हायवेपर्यंत ऐकू जायचं.

त्या वर्षी सकाळी आवाज खणखणीत होता. दुपारनंतर शब्द नाकातून यायला लागले, मग लटपटायला. एक पापणी अर्धी मिटलेली. “आबा, कुठं बसला होता राव?” कुणीतरी ओरडलं आणि सगळा घाट हसला. अहो, दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस! कमिटीनं माइक काढून घेतला.

घरी संध्याकाळी भाकरी चावतानाच जबडा थकायचा. सकाळी गडी ठणठणीत. ‘रात्रीची उतरली’ म्हणायला लोक मोकळे. शेवटी थोरल्या चुलत्यांनी त्यांना खंडोबापुढं उभं केलं. भंडारा उचल आणि दारू सोडली म्हण.

“आरं, प्यालोच न्हाई तर सोडू काय?” आबा म्हणाले. पण घराची अब्रू म्हणून उचलला. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

मी त्यांना चिंचवडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मुद्दाम संध्याकाळी. त्यांनी आबांना वर बघत राहायला सांगितलं. हळूहळू पापण्या खाली आल्या. रक्त तपासलं. मायस्थेनिया निघाला. नसांचा निरोप स्नायूंना पोचत नाही, त्या म्हणाल्या, शरीरातले राखणदारच घरच्याला चोर समजून झोडपतात.

“म्हणजे आमच्या गावासारखंच,” मी बोलून गेले.

आजार मुळातून जाणार नव्हता, गोळ्यांनी ताब्यात राहणार होता. एका गोळीचा जोर काही तासच. गावाला सांगितलं, पण ते नाव कुणाच्या तोंडात बसेना.

पुढच्या यात्रेत आबांनी गोळी घेऊन माइक मागून घेतला. ‘भिर्रर्र’ घुमलं. मी सगळ्यांदेखत रडले, लाज कसली त्यात! दुपारपर्यंत आबांनी घाट गाजवला. मग चुलत्यांनी माइक हातात घेतला. “बघा रं पोरांनो, भंडाऱ्याची ताकद हाय ही! दारू सुटली, आवाज आला!”

टाळ्या कडाडल्या. आबा उठले, माइक ओढून घेतला, तोंड उघडलं. पण गोळीचा जोर ओसरला होता. जीभ नुसती लटपटली. ते मान खाली घालून बसले.

लोकांना वाटलं, आबा गहिवरले.