आनासेनीचा होकार

ऑस्ट्रेलियातल्या रॉबिनव्हेलच्या द्राक्षमळ्यांत आठ हंगाम वाकून टोंगा बेटांवरून आलेल्या आनासेनीचे गुडघे कामातून गेले होते. टोळीची मुकादम ज्युडी काम सोडणार होती. मुकादमाला वाकावं लागत नाही, नुसतं ओळींमधून हिंडायचं. ती जागा आनासेनीला हवी होती. अडचण एकच, मालक क्रेगशी इंग्रजीत बोलायचं.

म्हणून संध्याकाळी तारोच्या कंदांची सालं काढता काढता शिकवणी चाले. गुरू होती भाची लूपे, वय वर्षं सोळा. द्राक्ष गालात धरल्यासारखा क्रेगचा आवाज काढून ती विचारी, "टर्न अप?"

"कामावर हजर होणं."

"टर्न डाउन?"

"नाही म्हणणं. काय गं हे लोक! एका शब्दावर भागत नाही. मागे शेपूट लावतात, आणि शेपूट बदललं की जनावरच बदलतं!"

"आत्या, नॉक ऑफ?"

"काम आटपून घरी जाणं. हे तर मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

शनिवारी सालं काढतानाच फोन वाजला. क्रेगच होता. "आना, ज्युडीच्या जागी टोळी टेक ओव्हर करशील का? सकाळी कोण टर्न अप झालं नाही ते मला सांगायचं. कोणी मागे पडला तर त्याला स्पीड अप करायला लावायचं. जमेल?"

आनासेनीला शब्द न् शब्द कळला. शेपटांसकट! तिचा चेहरा उजळला आणि टोंगाचं कुठलंही माणूस मनापासून 'हो' म्हणताना करतं तेच तिने केलं. दोन्ही भुवया उंच उडवल्या.

"हॅलो? ऐकतेयस ना?"

तिने भुवया आणखी वर नेल्या. पार केसांपर्यंत.

"अगं आत्या, तोंडाने!" लूपे कुजबुजली. "भुवया काय फोनमधून जातात?"

"बरं बरं, राहू दे," क्रेग अवघडून म्हणाला. "तुला नको असेल तर मी टोळीतल्या केपूला विचारतो."

आनासेनीच्या हातातला तारो खाली पडला. मालकाचं बोलणं मध्येच तोडायचं? जन्मात कधी केलं नव्हतं. डोळे गच्च मिटून ती ओरडली, "हँग ऑन! हँग ऑन, क्रेग! नो टर्न डाउन! आय टेक ओव्हर! येस! येस! येस!"

 पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "अगं बाई, कान फुटला माझा. सोमवारी सहाला गेटवर ये. आणि पोरांवर असंच ओरड."

तिने फोन ठेवला. लूपे तोवर सोफ्यावर चढली होती. डोळे मिटून, मुठी आवळून, हुबेहूब आत्याचा आवाज काढून ती किंचाळली, "हँग ऑन, क्रेग! येस! येस! येस!"

"खाली उतर! आत्याची नक्कल करतेस? बेटावर असतीस तर माझ्यासमोर मान वर करायची हिंमत झाली नसती."

लूपे निमूट खाली उतरली. आनासेनीने तारो उचलला, आलेलं हसू पुसावं तसं मनगटाने तोंड पुसलं, आणि भाचीकडे न बघताच म्हणाली, "ते शेवटचं कसं म्हणाले मी? पुन्हा करून दाखव बघू."