आधी माफी मागणारी माणसं

त्या हिवाळ्यात माताल नवऱ्याचं जाकीट घालून कामावर जायची. बाह्या दोनदा दुमडायच्या, चेन गळ्यापर्यंत ओढायची आणि बटाट्याच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं. सडका डावीकडे, चिरलेला उजवीकडे, चांगला सरळ पुढे. गोदामातल्या बायका म्हणायच्या, अगं, बायकांची जाकिटं मिळतात की. ती बाह्यांची दुमड पुन्हा घट्ट करायची. जाकिटाला अजून पालासचा वास होता, आणि रोज बटाट्याच्या धुळीने तो थोडा थोडा कमी होत होता, हे तिला कळत होतं. घातलं तर वास जातो, नाही घातलं तर करमत नाही.

पालासला ऑक्टोबरात धरलं. काढणीचे दिवस, सकाळी कामावर निघालेला, आणि गाडीचा मागचा दिवा गेला म्हणून पोलिसांनी अडवलं. त्या दिवशी ऊन चांगलं होतं, म्हणून जाकीट घरी खुंटीवर राहिलं. दिव्यावरून या देशात राहायच्या कागदांवर गोष्ट आली, आणि कागद नव्हते. अकरा वर्षं ज्या खोऱ्यातले बटाटे या माणसाने उचलले, तिथून त्याला चार तासांवर, डेन्व्हरजवळच्या बंदिस्त केंद्रात नेऊन टाकलं. बटाट्यांना कोणी कागद विचारत नाही.

माताल भेटायला जाऊ शकत नव्हती. फाटकावर ओळखपत्र मागतात आणि जे त्याच्याकडे नव्हतं, ते तिच्याकडेही नव्हतं. बायको भेटायला जायची आणि आतच राहायची. मग रविवारी दहा मिनिटं फोन. तो मुलीची चौकशी करायचा, आणि मग ठरलेला प्रश्न विचारायचा, "माझ्या जागी कोण उभं राहतं?"

"कोणी नाही," ती सांगायची.

चर्चमागच्या खोलीत त्यांच्या गावाकडच्या लोकांचा मरिम्बा होता. लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं लांबलचक वाद्य; वाद्य एक, वाजवणारे तिघे. डाव्या टोकाच्या जाड पट्ट्या पालासच्या. बाकीचे दोघे दर रविवारी वाजवत, पण त्याची जागा कोणी घेतली नव्हती. वरची सुरावट तीच, पण खाली जमीन नसल्यासारखी. माताल मागच्या बाकावर बसून जे वाजत नव्हतं तेच ऐकायची.

तिला हवा होता फक्त जामीन. जामिनावर सुटलं तरी खटला संपत नाही, तारखा चालूच राहतात. पण माणूस घरून तारखांना जातो. तेवढं झालं तरी पुरे होतं.

आणि तेवढंच पालासने स्वतःच्या तोंडाने घालवत आणलं होतं.

पहिल्या तारखेला तो एकटा होता, वकील नाही. न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय? आता कांहोबाल माणूस, म्हणजे पालास-मातालच्या डोंगराळ मुलखातला, शेजाऱ्याकडे मीठ मागायला गेला तरी तोंड उघडताच आधी माफी मागतो. माझ्या हातून चुका झाल्यात, माझे पाय मळलेत, तरी मला उंबऱ्याच्या आत घ्या, एवढं म्हणून मग मीठ. थोरांसमोर याशिवाय बोलणं म्हणजे न विचारता घरात घुसणं. पालास उठला आणि हे सगळं रीतसर म्हणाला. फोनवरच्या दुभाष्याने शब्द न् शब्द इंग्रजीत केला. सरकारी वकिलाने पेन उचललं आणि विचारलं, कोणत्या चुका? पालासला वाटलं, माणूस सभ्य आहे, आपुलकीने विचारतोय. तो म्हणाला, किती सांगू साहेब, मोजल्या नाहीत.

न्यायाधीशांनी तीन आठवडे पुढची तारीख दिली आणि वकील शोधायला सांगितलं. त्यांनी निदान तेवढी माणुसकी दाखवली.

वकील मिळाल्या त्या खोऱ्यातल्याच फुकट कायदा-मदतीच्या कचेरीतल्या लोबातोबाई. यांचं घराणं या खोऱ्यात देशाची सीमा येण्याआधीपासूनचं, त्यामुळे कागदांपुढे त्यांना फारसं दबायला होत नसे. त्यांनी त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण मागवून ऐकलं.

"तुमच्या नवऱ्याने गुन्हा कबूल का केला?"

"कुठला गुन्हा? तो नीट बोलला."

मातालने टेबलावर पत्रांचा गठ्ठा ठेवला. माणूस चांगला आहे, पळून जाणार नाही, असं सांगणारी पत्रं बाईंनीच मागितली होती. गोदाम, चर्च, मुलीची शाळा, सगळीकडे ती फिरली होती. बाईंनी पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर चष्मा काढला. शाळेतल्या बाईंचं एक सोडलं तर प्रत्येक पत्राची सुरुवात तीच: पालासच्या हातून चुका झाल्या आहेत, त्याला क्षमा करा.

"हे पहिलं वाक्य सगळ्यांनी काढायचं," बाई म्हणाल्या.

सगळे तयार झाले, एक मेकेल आबा सोडून. सत्तरीचा म्हातारा, मरिम्ब्याचं दुसरं टोक सांभाळणारा. गावाकडच्या युद्धाच्या काळात पळून आलेला, म्हणून त्यांच्यातल्या याच्याकडेच तेवढे पक्के कागद. जामीन त्याच्याच नावावर भरायचा होता आणि कोर्टात साक्षही त्यालाच द्यायची होती. तो बाईंच्या कचेरीत काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला, "मोठ्या माणसाच्या दारात मी कुत्र्यासारखा घुसणार नाही. पोरी, तुला दुसरा म्हातारा शोधावा लागेल."

माताल भडकली. सभ्यपणाच्या पायी माझं माणूस तिकडे सडतंय, असं तोंडावर बोलली. पण दारापर्यंत जाऊन थांबली. तिलाही कुठे माफीशिवाय बोलता आलं होतं? आत आल्या आल्या आधी तीच मागून झाली होती. ती मागे वळून बाईंना म्हणाली, "बाई, काढू नका. चूक कोणती, ते न्यायाधीशांनाच विचारायला लावा."

बाईंनी पत्रं होती तशीच फायलीत लावली. मग हसल्या.

तारखेला माताल आबांच्या गाडीतून गेली, पण कोर्ट केंद्राच्या आतच होतं, म्हणून ती दोन गल्ल्या अलीकडे, टायरच्या दुकानासमोर गाडीतच बसली. त्या राखाडी भिंतीआड पालास होता. तीन महिन्यांत इतक्या जवळ ती आली नव्हती, आणि पुढे एक पाऊलही टाकता येत नव्हतं. तिने जाकिटाची कॉलर नाकापर्यंत ओढली. बटाटे. नुसते बटाटे.

आत जे झालं ते आबांनी नंतर पुढची दोन वर्षं ज्याला त्याला सांगितलं. त्यांनी उभं राहून आधी स्वतःसाठी माफी मागितली, मळलेल्या पायांसकट. लोबातोबाई उठल्या आणि म्हणाल्या, न्यायाधीश महाराज, या साक्षीदाराला कृपया विचारा, यांचा गुन्हा काय? न्यायाधीशांनी विचारलं. आबा म्हणाले, "साहेब, गुन्हा नाही. मी तुमच्याशी बोलायला आलोय." न्यायाधीशांनी पत्रं परत चाळली, या वेळी सावकाश. मग सरकारी वकिलाकडे पाहिलं. त्याने पेन खाली ठेवलं होतं.

जामीन मंजूर झाला. पैसे चर्चने आणि गोदामातल्या बायकांनी आधीच जमवून ठेवले होते. आबांनी ते भरले, आणि ओळखीच्यांकडे रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पुन्हा त्याच टायरच्या दुकानासमोर लागली. फाटकावर आबा गेले. माताल गाडीबाहेर उभी राहिली.

गल्लीच्या टोकाला दोन माणसं दिसली. एक काठीवाला. दुसरा ऑक्टोबरातल्याच पातळ सदऱ्यात, केंद्रात बुटांच्या नाड्या काढून घेतल्या म्हणून पाय घासत चालणारा. बारीक झाला होता. ती धावली नाही. तिने जाकीट काढलं आणि हातात धरून ठेवलं.

तो समोर येऊन थांबला. मान खाली घालून त्याने सुरुवात केली, "माझ्या हातून चुका झाल्या..."

"आता पुन्हा म्हणालास," माताल म्हणाली, "तर मीच तुला परत आत सोडून येईन."

आबा काठी टेकवत हसले. पालासने जाकीट घेतलं, बाह्या उलगडल्या. अंगात घालून त्याने कॉलर हुंगली.

"याला बटाट्याचा वास येतोय."

"येणारच. तू नव्हतास."

घराकडच्या रस्त्यावर तो मागे बसला, तिच्याशेजारी. खिशात पुढच्या तारखेचा कागद होता, तो कोणी काढला नाही. तासाभराचा रस्ता मागे पडला. मग त्याची बोटं पुढच्या सीटच्या पाठीवर वाजू लागली, जाड, सावकाश, डाव्या टोकाची लय. गाडी चालवणाऱ्या आबांनी मान न वळवता वरची सुरावट गुणगुणायला घेतली. मातालने डोळे मिटले. या दोन दिवसांच्या रजेच्या बदल्यात तिला उद्या गोदामात पहाटेच पोहोचायचं होतं, आणि जाकिटाशिवाय थंडी वाजणार होती.