खव्याचा घाणा आणि माझा मुलतानी

आमच्या घरात शांतता फक्त लाइट गेल्यावर असते. लाइट असली की खव्याची भट्टी चालू असते, आणि भट्टी चालू असली की मांडणीवरचे पेले आपणहून एकमेकांना भेटायला जातात.

भट्टी माझी नाही, बायकोची. भूममध्ये दूध आटवणारी घरं पुष्कळ, त्यातलंच आमचं एक. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटरीवर फिरणारी मोठी कढई, तिच्याखाली जाळ आणि आत तळ खरवडत राहणारं खुरपं, असं सुमनचं सगळं राज्य आहे. मी शाळामास्तर होतो तोवर हा आवाज माझ्या वाट्याला निम्माच यायचा. (उरलेला गोंगाट चौथीचा वर्ग पुरवायचा.) निवृत्त झालो आणि सगळाच पदरात पडला.

नोकरीत असताना मी मनाशी एक ठरवलं होतं. निवृत्त झाल्यावर एक राग आलापापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐकायचा. फार मोठी अपेक्षा नव्हती. पण दुपारी मुलतानी लावला की गायकाच्या आधी आमची मोटर सूर लावायची. आवाज वाढवला की सुमन शेडमधून ओरडायची, "ते बारीक करा, मला मशीन ऐकू येईना!"

म्हणजे तिला माझ्या गाण्याचा त्रास आणि मला तिच्या मशीनचा. शेवटी मी धाराशिवला गेलो आणि बाहेरचा आवाज गिळून टाकणारे हेडफोन घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, हे लावल्यावर शेजारी ट्रॅक्टर चालला तरी कळणार न्हाय."

खरं सांगतो, तो खोटं बोलला नाही. हेडफोन लावले आणि मोटरीची घरघर कुणी पुसून टाकल्यासारखी गेली. मला भरून आलं. पण घरघर गेल्यावर तिच्याखाली इतकी वर्षं दबलेलं सगळं वर आलं. शेजारचे मेहबूबचाचा भिंतीपलीकडं फोनवर बोलत होते, ते थेट माझ्या कानात बसून बोलायला लागले. त्यांच्या साडूच्या गुडघ्याचं सगळं मला तेव्हा कळलं. सुमनची हाक तर पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू यायची. यंत्राला मोटर गिळता येते, बायको नाही.

मी हार मानणारा माणूस नाही. कानात कापूस घातला. त्यावर हेडफोन आणि त्यावर लोकरीची कानटोपी. आरशात बघितलं तर अवतार असा, की अंजूनं, म्हणजे आमच्या मुलीनं, दारातच हात जोडले.

"बाबा, परवा माझा साखरपुडा आहे. बेंबळीची, सासरची माणसं येतील तेव्हा एवढं घालू नका."

आता खरी गोष्ट इथं सुरू होते. साखरपुड्यात पाहुण्यांना पेढे घरच्या खव्याचेच द्यायचे, हे सुमनचं केव्हाचं ठरलेलं. "जिच्या घरी भट्टी हाय, तिनं यिहिणीपुढं दुकानातला पेढा ठेवला तर तोंड कुठं दाखवावं?" असं तिचं म्हणणं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चांगलं म्हशीचं दूध तिनं निवडून कढईत ओतलं, आणि त्याच दुपारी कासाराकडं बांगड्या भरायला जायचं निघालं. पोरीला एकटीला कसं पाठवणार? भट्टीवर बसायला घरात मी सोडून कुणी नव्हतं.

"बघत बसायचं काम न्हाय, वाफेत काय दिसत न्हाय," सुमन म्हणाली. "कान द्या. दूध पातळ हाय तवर मशीन गुणगुणतंय. आटत आलं की जड घरघर करतंय. खुरपं खरखर वाजलं की लगेच बटन बंद. एवढंच."

"एवढंच ना?"

"एवढंच. पर कान ठिवा तिकडं."

आयुष्यभर पोरांना 'इकडं लक्ष द्या' सांगत आलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, याचा मला थोडा रागच आला. मायलेकी गेल्या. मी खुर्ची टाकून बसलो. मशीन गुणगुणत होतं. म्हणजे अजून बराच वेळ होता. घरात कुणी नाही, दुपार आहे, आणि मुलतानीची वेळही हीच! थोडासा आलाप ऐकू आणि काढून ठेवू, असा विचार केला. (थोडासा आलाप ऐकून हेडफोन काढणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.) चाचांचा फोन सुरू होता म्हणून कापूस आणि कानटोपीही चढवली.

काय गायला तो माणूस! मी डोळे मिटले. मध्येच काहीतरी करपल्याचा वास आला. कुणाचं तरी दूध लागलं बिचाऱ्याचं, असं मनात म्हणालो, आणि गाण्याकडं वळलो. द्रुत लयीत तानांचा पाऊस पडायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा संगीतानं मला रडवलं, याचं मला फार समाधान वाटलं.

राग संपला. डोळे उघडले तर समोर धूर होता, आणि धुरात मेहबूबचाचा बटनावर हात ठेवून उभे होते. त्यांचेही डोळे वाहत होते, आणि ते काही गाणं ऐकत नव्हते. मी टोपी, हेडफोन, कापूस असं एकेक उतरवलं.

"गुरुजी, भिंतीवरनं किती आवाज दिले तुम्हाला. शेवटी चप्पल फेकली. ती बी लागली तुम्हाला, तर तुम्ही मान हलवून वाहवा म्हणालात!"

कढईत बघितलं. पांढराशुभ्र खवा हवा होता, तिथं विटकरी रंगाचा गोळा बसला होता.

चाचांनी स्कूटर काढली. सुमन यायच्या आत पांढरा खवा आणायचाच, असा मी निश्चय केला. पण त्या दिवसाचा खवा सगळीकडून गाडीला लागून बाहेरगावी गेलेला. प्रत्येक भट्टीवर कारण सांगावं लागे, आणि आमच्या स्कूटरपेक्षा बातमी वेगानं पळत होती. पुढं पुढं तर मी तोंड उघडायच्या आधीच भट्टीवाले विचारायचे, "गुरुजी, मे महिन्यात कानटोपी घातली व्हती म्हणं?"

हात हलवत परत आलो तर सुमन कढईपाशी उभी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त हातातल्या हिरव्या बांगड्या मागं सारल्या, तळाचं काळं बाजूला काढलं, वरचा खवा चिमटीत घेऊन चाखला आणि म्हणाली, "साखर आणा." त्या दिवशी मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बेंबळीची मंडळी आली. विहीणबाईंनी तो तपकिरी पेढा हातात घेऊन फिरवून बघितला. सुमनचा चेहरा उतरला. अंजू माझ्याकडं बघत होती, आणि मी छताकडं. विहीणबाईंनी पेढा तोंडात टाकला. मग दुसरा उचलला.

"कुणी केला ह्यो?"

सुमननं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी."

"लई खमंग हाय. असा पेढा म्या कुठं खाल्ला न्हाय. लग्नात सगळ्या वऱ्हाडाला ह्योच पाहिजे बघा."

मी छाती पुढं काढली. सुमननं एका नजरेत ती परत आत घातली.

आता लग्नाची तयारी चालू आहे, आणि सुमनला तसा खवा जमत नाही. खुरपं खरखरलं की तिचा हात आपोआप बटनावर जातो. घाणा पांढराच उतरतो. "ऐकू येतंय ना मला, हात थांबतच न्हाय," ती वैतागून म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. मी आनंदानं हेडफोन आणायला धावलो. माझ्या गाण्याला शेवटी घरात मान मिळाला होता!

तिनं ते माझ्या हातातून घेतले आणि स्वतःच्या कानावर चढवले. खुर्चीत बसली. करपायच्या बेतात आलं की नाकाला कळतं म्हणाली, कान कशाला पाहिजे. मी खुणेनं विचारलं, मुलतानी लावून देऊ का?

"नगं," ती डोळे मिटून म्हणाली. "नुसतंच बरंय. लई शांत वाटतंय."

तेव्हापासून रोज दुपारी हेडफोन तिच्या कानावर असतात. मी ओट्यावर बसून कढईची घरघर आणि चाचांच्या साडूचा गुडघा ऐकतो, आणि मुलीच्या लग्नाचा घाणा बिघडेल हे पक्कं माहीत असूनही लाइट जायची वाट बघतो.