दिवेलागणीच्या आत

भुताखेतांच्या गोष्टी लिहून माझा मामा महाराष्ट्रभर गाजला, आणि स्वतः मात्र पालीला घाबरायचा. लग्न केलं नाही. रिठदजवळच्या मळ्यात माझ्या विधवा आईसोबत राहायचा. ती भाजी पिकवायची, हा माणसं मारायचा, कागदावर.

एका सकाळी तो काकडीच्या वेलांत मेलेला सापडला. अंगावर जखम नाही, डोळे उघडे. कुणी म्हणालं साप, कुणी म्हणालं हार्ट अटॅक. आईनं आदल्या संध्याकाळी त्याच वेलांवर फवारणी केली होती, आणि येता-जाता काकडी तोडून खायची मामाची खोड होती. फवारल्याचं आपण त्याला सांगितलं की नाही, हे तिला काही केल्या आठवेना.

मी मालेगावहून जीपनं पोचले तेव्हा दुपार उलटली होती आणि बांधाजवळ खड्डा खणून तयार होता. आम्ही महानुभाव, आमच्यात जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात. आई खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहून एकच बोलत होती, "त्याले रिसोडले न्या. डाक्टर चिरून पाहीन. कायनं मेला ते मले समजलं पायजे."

"अन् वापस येता येता दिवे लागले तं?" शेजारच्या मळ्यातले म्हातारबाबा म्हणाले. "दिवेलागनीनंतर मीठ पडलं का मुडदा उठते, आक्का."

माझं डोकंच फिरलं. हा नियम आमच्या पंथात नाही, कुठल्या पोथीत नाही. मामानं तो त्याच्या सगळ्यात जास्त खपलेल्या कादंबरीसाठी रचला होता, ओट्यावर बसून भजी खाता खाता, माझ्यासमोर. मी ओरडले, "बाबा, मामाच्या डोक्यातलं हाय ते सारं!"

"असन ना," बाबा शांतपणे म्हणाले. "पन त्याले काई मालूम असन, तवाच तं लिवलं. त्याचंच आयकून राह्यलो आमी."

कुणाच्या मनात पाप असतं तर मी भांडले तरी असते. पण हीच माणसं आमच्या अडीनडीला धावून येणारी. मीठ ओतताना बाबा स्वतः रडत होते. पोत्यांमागून पोती रिकामी झाली, माती ओढली गेली, आणि ऊन अजून बांधावर होतं.

पेपरात 'गूढ मृत्यू' म्हणून छापून आलं. मामाचे वाचक मोटरसायकलींवरून येतात, मातीच्या ढिगासोबत फोटो काढतात. मला त्यांचा राग येतो आणि मामाचाही येतो. मेल्यावर सुद्धा त्यानं सगळ्यांना घाबरवलं, आणि त्यात भरडली गेली ती माझी आई.

तिनं काकडीचे वेल उपटून टाकले. दिवे लागले की ती बांधाजवळ जाऊन बसते. परवा मी तिला आणायला गेले.

"चाल ना आई घरी. कायले बसतं इथं? मेलेला मानूस काई उठत नाही."

"मालूम हाय," ती म्हणाली. "येळेवर पुरलं ना त्याले. उशीर झाला असता, तं उठला असता. मले एकच इचाराचं होतं व. काकडी खाल्ली होती काय त्यानं, एवढंच."